झडीतली लांब धाव

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत होते. तिच्या तयारीला १६ ते १८ आठवडे लागतात आणि त्याआधी पाय घडवायला निदान दोन महिने हवेत. बोटांवर उलटं मोजत गेलं की ही तयारी थेट आषाढ-श्रावणात जाऊन पोचते. पोलीस भरतीची गोष्टही वेगळी नाही. २०२४ साली भरतीची मैदानी चाचणी १९ जूनपासून, ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाली आणि पावसामुळे चाचणी होऊ शकली नाही तर उमेदवारांना पुढची तारीख देऊ, असं सरकारला जाहीर करावं लागलं. कळमनुरीतल्या ज्या मुलामुलींनी 'पाऊस उघडला की बघू' म्हणत बूट माळ्यावर टाकले असतील, त्यांच्या हातून वर्षातले सरावाचे तीन-चार उत्तम महिने निसटतात. ते निसटू नयेत, आणि ते वाचवताना कुणाचा जीवही धोक्यात पडू नये, एवढ्यासाठी हा लेख आहे.

लांब धाव म्हणजे आठवड्यातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात संथ धाव. भरतीत १६०० मीटर पळायचं असलेल्या मुलासाठी ती ८ ते १० किलोमीटरची असते. राज्य राखीव पोलीस दलाच्या ५ किलोमीटरसाठी तयारी करणाऱ्याला १२-१४ पुरतात. पूर्ण मॅरेथॉन धावणाऱ्याला मात्र हळूहळू ३० पर्यंत जावं लागतं. कळमनुरीहून हिंगोली साधारण २० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धी मॅरेथॉन. एवढा वेळ रस्त्यावर राहायचं तर पावसाळ्यात पाऊस गाठणारच. म्हणून पाऊस आला तर काय, हा प्रश्न रस्त्यावर सोडवायचा नसतो. कुठल्या परिस्थितीत पळत राहायचं आणि कुठल्या परिस्थितीत एकही पाऊल पुढे न टाकता परतायचं, हे घरातून निघण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. माझं सगळं सांगणं या एका मुद्द्याभोवती आहे, कारण अपघात बहुतेक वेळा 'आता एवढं आलोय तर पूर्ण करूनच जाऊ' या क्षणी होतात.

भिजण्याची भीती आधी मनातून काढू. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आपल्याच मराठवाड्याचा. तो ज्या ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये उतरतो, त्या शर्यतीत सात वेळा पाण्यात उडी पडते. पहिल्या फेरीपासून बूट ओले, आणि त्याच ओल्या बुटांनी त्याने जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. २०१८ च्या बोस्टन मॅरेथॉनला गोठवणारा पाऊस आणि समोरून वारा होता. कितीतरी नामवंत धावपटूंनी मधेच शर्यत सोडली आणि जिंकला तो जपानचा युकी कावाउची, नोकरी सांभाळून धावणारा माणूस. आपल्याकडे सातारा हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जाते, तीही पावसाळ्यातच. २०१२ पासून हजारो लोक तिथे ढगांत आणि सरींत धावत आले आहेत. पावसाने शरीराचं काही बिघडत नाही. उलट ओली त्वचा शरीर थंड ठेवते, आणि मे महिन्यात ज्या वेगाने धाप लागायची तोच वेग जुलैत सहज निघतो.

पण या सगळ्या शर्यती बंद रस्त्यांवर किंवा मैदानात होतात. वाहनं अडवलेली असतात, डॉक्टर उभे असतात. आपला रस्ता बंद नसतो. त्यावर अकोला-नांदेड महामार्गाचे ट्रक आहेत, शेतातून चिखल घेऊन आलेले ट्रॅक्टर आहेत, ओढ्यांवरचे फरशी पूल आहेत आणि डोक्यावर मोकळं आभाळ आहे. म्हणून पावसापेक्षा या गोष्टींचा अभ्यास जास्त करायचा.

सगळा पाऊस एकसारखा नसतो, हे शेतकऱ्याच्या घरात वेगळं सांगावं लागत नाही. धावणाऱ्याने नक्षत्रं माहीत करून घ्यावीत, असं मी अगदी मनापासून म्हणतो. रोहिणी आणि मृगाचा पाऊस, म्हणजे मेअखेर ते जूनचा तिसरा आठवडा, बहुधा दुपार कलल्यावर येतो. ऊन तापतं, ढग उभे चढतात, वावटळ सुटते, कडकडाट होतो आणि तासाभरात सगळं मोकळं होतं. हा विजेचा पाऊस. या दिवसांत लांब धाव सकाळीच उरकायची, संध्याकाळचा विचारही करायचा नाही. पुढे पुनर्वसू आणि पुष्य, आपल्या बोलीतले तरणा आणि म्हातारा पाऊस, साधारण जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. मग आश्लेषा. या काळात जी झड लागते, खाली उतरलेले करडे ढग, विजेचा आवाज नाही, वारा बेताचा आणि दिवसभर बुरबुर, ती लांब धावेसाठी वर्षातली सर्वांत चांगली हवा. ती वाया घालवू नका. मघा, पूर्वा संपून उत्तरा आणि हस्त लागले, की परतीचा पाऊस पुन्हा गडगडत येतो. हत्तीचा पाऊस झोडपून काढतो, असं घरातली वडीलधारी माणसं सांगतात ते खरं आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पुन्हा मृगासारखीच सावधगिरी.

पंचांगाने सर्वसाधारण कल कळतो, त्या दिवसाचं आभाळ कळत नाही. त्यासाठी आदल्या रात्री हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा पाहायचा. हिंगोलीला पिवळा इशारा असेल तर जवळच्या वाटेने आणि आभाळाकडे लक्ष ठेवून पळा. नारिंगी असेल तर लांब धाव एक-दोन दिवस पुढे ढकला. लाल असेल तर प्रश्नच मिटला. रविवार हा काही शास्त्रात लिहिलेला वार नाही. लांब धाव मंगळवारी झाली तरी पायांना कळत नाही.

आता विजेबद्दल, जरा सविस्तर. दरवर्षी मराठवाड्यात वीज पडून माणसं आणि जनावरं दगावतात, आणि त्यांत पावसापासून वाचायला झाडाखाली थांबलेले बरेच असतात. पळताना आपणही हेच करतो. सर आली की समोर दिसेल त्या लिंबाकडे किंवा बाभळीकडे वळतो. सरीसाठी झाडाखाली थांबायची सवयच मोडा. भिजलात तर भिजलात. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मनात अंक मोजा. तीस व्हायच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि तेवढं अंतर ओलांडून ती पुढच्या वेळी तुमच्या जवळ पडू शकते. त्याच क्षणी धाव संपली. पक्क्या भिंतींचं आणि स्लॅबचं घर, शाळेची इमारत, एसटी, काचा बंद केलेली जीप किंवा कार, यांपैकी जे जवळ असेल ते गाठा. शेतातला आखाडा, चारी बाजूंनी उघडं पत्र्याचं शेड, प्रवासी निवाऱ्याचा एकटा उभा आडोसा, यांत पाऊस लागत नाही, पण विजेपासून संरक्षण मिळत नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबायचं, मगच बाहेर पडायचं. आभाळ उघडल्यासारखं वाटतं तेव्हाही मागून वीज पडते.

काहीच जवळ नसेल आणि चहूकडे सोयाबीनचं सपाट रान असेल, तर झाडापासून, तारेच्या कुंपणापासून आणि विजेच्या खांबापासून दूर जाऊन दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसायचं, डोकं खाली घालायचं. आडवं पडायचं नाही. चार-पाच जण असाल तर एकमेकांना बिलगू नका, अंतर ठेवून बसा. हा नाइलाजाचा उपाय आहे, याने पूर्ण संरक्षण मिळत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' हे मोबाईल अ‍ॅप तुमच्या आसपास विजा पडत आहेत का ते दाखवतं. निघण्याआधी ते उघडून पाहायला अर्धं मिनिट लागतं. आणि दुर्दैवाने कुणावर वीज पडलीच, तर त्याला हात लावल्याने धक्का बसतो हा गैरसमज सोडा. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोरात दाब द्यायला लागा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. अशा वेळी लगेच सुरू केलेल्या दाबाने माणूस वाचू शकतो.

मागे फिरण्याची दुसरी अट पाण्याची. आपली कयाधू वाशिम जिल्ह्यातून येते. तिकडे रात्री पाऊस झाला, तर इथे कोरडं असतानाही सकाळी पाणी वाढू शकतं. ओढ्यांचं तर काही सांगता येत नाही. जाताना घोट्याएवढं असलेलं पाणी परतताना मांडीला लागतं. जोराच्या प्रवाहात १५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभरही नसलेलं पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं. वर पाणी गढूळ असतं, खालचा भराव वाहून गेलाय का, फरशीला भगदाड पडलंय का, काहीच दिसत नाही. पुलावरून पाणी वाहत असेल तर पलीकडे गाव, घर, मित्र, गाडी काहीही असो, पाय घालायचा नाही. सगळ्यात सोपं म्हणजे पावसाळ्यापुरता असा रस्ता निवडा, ज्यावर एकही फरशी पूल नाही. ईसापूर धरणातून पाणी सोडण्याची सूचना असेल, तर पैनगंगेच्या काठाने जाणाऱ्या वाटा त्या आठवड्यापुरत्या विसरून जा. पूर बघायला म्हणून धावेची दिशा बदलणारी उत्साही मंडळी असतात. त्यांच्याबरोबर जाऊ नका.

रस्ता निवडताना काळ्या मातीचं भान ठेवा. उन्हाळ्यात पांदण रस्त्यासारखी पायाला मऊ जागा नाही. पावसात त्याच वाटेवर शंभर पावलांत बुटाच्या तळाला चिखलाचा थर चढतो, बूट दुप्पट जड होतो, टाच एका बाजूला कलते आणि घोटा मुरगळतो. शाळेच्या मैदानाचंही तेच होतं. म्हणून जून ते सप्टेंबर डांबर किंवा सिमेंटच धरा, आणि महामार्ग सोडून गावांकडे फुटणारे आतले रस्ते धरा. तिथेही ट्रॅक्टर शेतातून वर चढतो त्या वळणावर काळ्या चिखलाचे पट्टे सांडलेले असतात, त्यावरून पाय सर्रकन जातो. पहिल्या सरीनंतरचा अर्धा तास जास्त निसरडा असतो, कारण रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यात कालवली जाते. ती पुढच्या जोराच्या सरीने धुतली जाते. रस्त्यावरचे पांढरे रंगाचे पट्टे आणि लोखंडी जाळ्या ओल्या झाल्या की निसरड्या होतात, त्यावर पाय टाकू नका. साचलेल्या पाण्याचा तळ दिसत नसेल तर वळसा घाला, तिथे खड्डा आहे असंच धरून चाला.

एका दिशेने हिंगोलीपर्यंत पळत जाऊन एसटीने परत यायची हौस हिवाळ्यासाठी राखून ठेवा. पावसाळ्यात घराभोवती चार-पाच किलोमीटरची फेरी आखा आणि तीच पुन्हा पुन्हा मारा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण फेरीमध्ये तुम्ही घरापासून कधीच अडीच किलोमीटरपेक्षा लांब नसता, दर फेरीला पाणी पिता येतं, ओला टी-शर्ट बदलता येतो, आभाळ पाहून ठरवता येतं आणि त्या वाटेवरचा प्रत्येक खड्डा तिसऱ्या फेरीपर्यंत पाठ होतो.

वेळेबद्दल एक सवय बदलायला हवी. उन्हाळ्यात ऊन टाळायला आपण साडेचारला निघतो आणि तीच वेळ पावसाळ्यातही चालू ठेवतो. आता घाई कशाची? आषाढ-श्रावणात आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास उगवतो, ढगाळ हवेत नीट दिसायला आणखी पंधरा मिनिटं लागतात. दिसायला लागल्यावर निघा. पावसाच्या काचेतून ट्रकचालकाला काळ्या टी-शर्टातला माणूस दिसत नाही, ही साधी गोष्ट आहे. पिवळा, नारिंगी किंवा पोपटी टी-शर्ट, त्यावर चमकपट्टीचं जाकीट, आणि वाहनं समोरून येतील अशा रीतीने रस्त्याच्या उजव्या कडेने धाव. दोघं असाल तर एकामागे एक. कानात काही घालायचं नाही, कारण पावसाच्या आवाजात मागच्या गाडीचा आवाज आधीच दबलेला असतो. उजेडात निघण्याचं आणखी एक कारण म्हणजे पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की साप उघड्यावर येतात. घोणस आणि मण्यार अंधारात डांबरावर दिसत नाहीत. साप चावलाच तर पळू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. पाय हलू न देता १०८ किंवा मिळेल त्या गाडीने सरळ सरकारी रुग्णालय गाठा, प्रतिविष तिथे मिळतं. ओला विजेचा खांब, त्याचा ताण आणि डीपीची जाळी यांना आधारासाठी किंवा स्नायू ताणायला हात लावू नका. तुटून लोंबणारी तार दिसली तर तिथूनच मागे फिरा आणि गावात कळवा.

कपड्यांत सुती बनियन आणि सुती मोजे वर्ज्य. सूत पाणी धरून ठेवतं, जड होतं आणि अंगाला घासत राहतं. खेळाच्या दुकानात मिळणारा साधा पॉलिस्टरचा टी-शर्ट पुरतो, महागडा लागत नाही. काख, मांड्यांचा आतला भाग, कंबरेचा नाडा लागतो ती जागा आणि पायाची बोटं यांना निघताना व्हॅसलिन चोळा. पुरुषांनी स्तनाग्रांवर चिकटपट्टी लावावी, नाहीतर १५ किलोमीटरनंतर ओल्या कापडाने घासून रक्त येतं. प्लॅस्टिकचा रेनकोट घालून पळू नका. त्यात घाम कोंडून अंग तापतं आणि बाहेरून कोरडे, आतून चिंब अशी गत होते. डोळ्यांवर पाणी येऊ नये म्हणून पुढे छज्जा असलेली टोपी मात्र जरूर घाला, चष्मा असणाऱ्यांनी तर नक्कीच.

'पावसात कशाला चांगले बूट खराब करायचे' म्हणून आपण सगळ्यात झिजलेला जोड काढतो. हे उलटं आहे. झिजलेला तळ कोरड्यात चालून जातो, ओल्यात तोच पाडतो. तळाच्या खाचा शाबूत असलेला जोडच पावसात घाला. पाणी न शिरणारे बूट घ्यायच्या फंदात पडू नका. वरून घोट्यातून पाणी शिरतंच, आणि मग ते बाहेर पडत नाही. जाळीचा बूट भिजतो तसा निथळतोही.

घरी आल्यावर बुटांना दहा मिनिटं द्या. नाड्या पूर्ण सैल करा, आतला तळवा काढून वेगळा उभा ठेवा. चिखल साध्या पाण्याने आणि दातांच्या जुन्या ब्रशने काढा, साबण नको. मग वर्तमानपत्राचे बोळे करून पुढच्या टोकापर्यंत गच्च कोंबा. तासाभराने ते ओले बोळे काढून कोरडे भरा. हे दोनदा केलं की निम्मं पाणी कागद ओढून घेतो. त्यानंतर बूट आडवे करून पंख्याखाली. चुलीजवळ, गॅसच्या शेगडीवर किंवा हीटरसमोर ठेवलेत तर तळाचा गोंद सुटतो आणि दोन आठवड्यांत बूट तोंड वासतो. एवढं करूनही पूर्ण वाळायला दीड-दोन दिवस जातात, म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी दोन जोड आलटून पालटून वापरावेत.

पायांची काळजी बुटांपेक्षाही मोठी. शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते. दिवसचे दिवस पावसात चालणारे वारकरी मुक्कामाला आल्यावर पाय धुतात, पुसतात, तेल चोळतात. धावणारी मुलं मात्र ओले मोजे तसेच ठेवून तासभर गप्पा मारतात. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडून फुगली, खाजायला लागली, भेग पडली, की समजा चिखल्या झाल्या. धाव संपली की पंधरा मिनिटांत मोजे काढा, साबणाने पाय धुवा, आणि पंच्याचं टोक प्रत्येक बेचक्यात घालून पुसा, मगच पावडर. चिखल्या झाल्याच तर औषधाच्या दुकानात मिळणारं क्लोट्रिमाझोलचं मलम लावा, आणि खाज थांबल्यावरही किमान दोन आठवडे लावत राहा. बहुतेकांच्या चिखल्या उलटतात त्या मधेच मलम सोडल्यामुळे. मधुमेह असणाऱ्यांनी पायाला साधी भेग पडली तरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढची धाव घेऊ नये.

पायाला जखम असताना गटाराचं किंवा साचलेलं पाणी लागलं तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. या तापात पोटऱ्या भयंकर दुखतात, आणि धावणारा माणूस ते 'परवाच्या धावेचं दुखणं' समजून अंगावर काढतो. म्हणून पावसातल्या धावेनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटरीदुखी एकत्र आली तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि मी घाण पाण्यातून पळालो होतो हे आपणहून सांगा. पावसाळ्यात डेंग्यूही असतोच. कुठलाही ताप असेल तर धाव बंद. नुसतं नाक वाहत असेल तर हळू पळायला हरकत नाही, पण छाती भरलेली असेल किंवा अंग मोडून आलं असेल तर अंथरूणच बरं. भिजल्याने सर्दी होते असं आई सांगते. सर्दी विषाणूने होते, पण ओल्या कपड्यांत कुडकुडत बसणं शरीराला त्रासाचंच, तेव्हा आईचं म्हणणं एवढ्यापुरतं ऐका की आल्या आल्या अंग पुसून कोरडे कपडे घाला.

वेगाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लांब धाव एरवीही संथच असते. पावसात ती आणखी संथ होऊ द्या, पाऊल छोटं ठेवा, उतारावर तर आणखी छोटं. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. घड्याळाकडे बघून ओल्या रस्त्यावर वेळ भरून काढायला जाणं मला अजिबात पटत नाही. ती वेळ हिवाळ्यात आपोआप निघते.

पाणी मात्र पावसातही लागतं. दमट हवेत घाम वाळत नाही, पावसात तो दिसत नाही, पण जातो तेवढाच. तासाभरापेक्षा मोठी धाव असेल तर दर फेरीला चार-सहा घोट घ्या. घरचं मीठ-साखरेचं पाणी उत्तम: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. दीड तासाच्या पुढे जायचं असेल तर खजूर किंवा गुळाची चिक्की प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत गाठ मारून खिशात ठेवा. त्याच पिशवीत मोबाईल, शंभराची नोट आणि नाव, रक्तगट, घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. ओल्या बोटांनी मोबाईलचा पडदा चालत नाही, म्हणून खिशात हातरुमालही प्लॅस्टिकमध्येच हवा.

मुलींना पावसात पळताना वेगळ्या अडचणी येतात आणि त्यांवर आपल्याकडे कुणी उघड बोलत नाही. ओले कपडे अंगाला चिकटतात आणि नजरा त्रास देतात. गडद रंगाचा जाड विणीचा टी-शर्ट आणि त्यावर चमकपट्टीचं जाकीट घातलं की दिसण्याची सोय होते आणि अवघडलेपणही कमी होतं. खेळाच्या आतल्या कपड्यांच्या शिवणी घासतात, तिथे व्हॅसलिन. पाळीत पॅड भिजून जड होतं आणि मांड्या सोलतात. त्या दिवसांत धाव छोटी ठेवावी किंवा ज्यांना चालतं त्यांनी कप वापरावा. शक्यतो दोघीतिघींनी मिळून पळावं. आणि घरच्यांना माझं सांगणं आहे की मुलीला पावसात पळू नको म्हणण्यापेक्षा बाबांनी किंवा भावाने सायकल घेऊन तिच्याबरोबर फेरीला निघावं.

पाऊस थांबतच नसेल आणि वीजही असेल, तर घरात करण्यासारखं आहे. दोरीवरच्या उड्या, जिन्यावर चढउतार, बैठका, पोटाचे व्यायाम, असं पाऊण तास केलं तरी आठवडा वाया जात नाही. एक लांब धाव चुकल्याने कुणाची भरती हुकत नाही.

कळमनुरीत भरतीची तयारी करणारी मुलं बहुधा घोळक्याने पळतात, आणि घोळक्यात 'परत जाऊ' म्हणायची कुणालाच हिंमत होत नाही. म्हणून या आठवड्यात एक गोष्ट करा. तुमच्या गटातल्या एकाला, वयाने मोठ्या किंवा स्वभावाने शांत अशा कुणाला, धाव थांबवायचा पूर्ण अधिकार द्या. निघताना वाट कोणती आणि परतायची वेळ काय, हे त्याने एका घरी सांगून ठेवायचं. वाटेत गडगडाट झाला, पुलावर पाणी दिसलं किंवा समोरची गाडी दिसेनाशी झाली, आणि तो 'फिरा' म्हणाला, की एकानेही वाद न घालता मागे फिरायचं.